घरी इंजिनचं पोर्टिंग करायचंय? नागपूरकरांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंजिनच्या हेडमधल्या (सिलिंडरवर बसणाऱ्या वरच्या भागातल्या) हवेच्या वाटा, म्हणजे पोर्ट, घरी घासून नीट करणं सोपं नाही, पण हाताला शिस्त असेल तर जमण्यासारखं आहे. धोका एकच: काढलेला धातू परत चढवता येत नाही. म्हणून सगळी उत्तरं वाचून होईपर्यंत ग्राइंडर हातात घेऊ नका.

भाऊ, पोर्टिंगमध्ये नेमकं करतात काय?

हेड साच्यात ओतून बनतं. त्यामुळे पोर्टच्या आत साच्याची जोडरेघ राहते, वाळूचा खरखरीतपणा राहतो. नंतर मशीनवर व्हॉल्व्हची सीट (व्हॉल्व्ह बंद होताना टेकतो ती कडा) कापतात, तेव्हा सीटच्या खाली एक धारदार काठ उरतो. मॅनिफोल्ड (हेडला जोडलेला, हवा किंवा गॅस नेणारा फाट्यांचा पाइप) आणि हेड यांची तोंडंही तंतोतंत जुळत नाहीत. लाखो गाड्या बनवणारा कारखाना प्रत्येक हेडवर हाताने बसू शकत नाही. ते हाताचं काम म्हणजे पोर्टिंग. हवेला आत यायला आणि जळलेल्या गॅसला बाहेर जायला जिथे अडतं, तिथलं अडणं काढायचं, एवढंच.

भोक मोठं केलं की पॉवर वाढते, असं सगळे सांगून राहिले. खरं आहे का?

नाही. घरी बिघडलेल्या हेडांपैकी बहुतेक याच समजुतीने बिघडतात, म्हणून इथे जरा थांबतो.

समजा पोर्टचा व्यास २८ मिलिमीटर आहे आणि तुम्ही सगळीकडून फक्त १ मिलिमीटर घासलं. व्यास झाला ३०. डोळ्याला फरक दिसत नाही, पण क्षेत्रफळ जवळपास १५ टक्क्यांनी वाढलं. इंजिन तेवढीच हवा ओढत असेल, तर त्या हवेचा वेग सुमारे १३ टक्क्यांनी उतरला.

वेग का महत्त्वाचा? पिस्टन खाली पोचून परत वर निघाला तरी हवा आत घेणारा इनटेक व्हॉल्व्ह लगेच बंद होत नाही, थोडा वेळ उघडाच असतो. त्या वेळात हवा आत जात राहते ती केवळ स्वतःच्या वेगाच्या जोरावर. वेग कमी पडला की वर येणारा पिस्टन तीच हवा उलटी मॅनिफोल्डमध्ये ढकलतो. मग साडेपाच-सहा हजार आरपीएमला कदाचित थोडं मिळेल, पण दोन-अडीच हजाराला गाडी ढिम्म वाटेल. वर्धा रोडवर सिग्नल ते सिग्नल गाडी चालते ती याच दोन-अडीच हजारात. तिथली ताकद देऊन वरची विकत घ्यायची, हा रोजच्या गाडीसाठी तोट्याचाच व्यवहार आहे.

पोर्टिंग हे आकाराचं काम आहे, मापाचं नाही. चांगल्या हातातून गेलेल्या हेडचा पोर्ट मधल्या भागात जवळपास कंपनीच्याच मापाचा असतो.

मग घासायचं कुठं?

व्हॉल्व्हच्या आसपास. सीटच्या खालचे पहिले दोन-तीन सेंटिमीटर, ज्याला बाउल म्हणतात, तिथे कामाचा सगळ्यात जास्त मोबदला मिळतो. पोर्टच्या लांब सरळ भागात तासन्‌तास घालवून हाती फार लागत नाही.

बाउलमध्ये तीन जागा बघायच्या. पहिली, सीट जिथे संपते तिथली मशीनची धार. ती गोलसर करून सीट आणि बाउल एकमेकांत मिसळवा. दुसरी, व्हॉल्व्ह गाईडभोवतीचा (व्हॉल्व्हची दांडी ज्या नळीत सरकते तिच्याभोवतीचा) उंचवटा. तो हवेच्या दिशेने निमुळता करा, पण गाईड आखूड करू नका. आखूड गाईडमध्ये व्हॉल्व्ह डुलतो आणि सीट लवकर खराब होते. एक्झॉस्ट व्हॉल्व्हची उष्णता गाईडमधूनही बाहेर जाते, त्यामुळे तिथे तर आणखी सांभाळून.

तिसरी जागा सगळ्यात नाजूक: पोर्टचं आतलं वळण, म्हणजे जिथे वाट जवळच्या बाजूने खाली व्हॉल्व्हकडे वळते. कॉटन मार्केट चौकात भरधाव बाईकवाला आतल्या कडेने वळूच शकत नाही, बाहेर फेकला जातो; हवेचंही तेच होतं. वळण तीव्र असेल तर हवा भिंत सोडते आणि व्हॉल्व्हची ती बाजू जवळपास वाया जाते. म्हणून हे वळण खाली खोदायचं नाही. फक्त त्याची टोकेरी धार काढून ते जमेल तितकं गोल ठेवायचं. शंका आली तर याला हातच लावू नका.

मापाचा एक आधार देतो. सीटखालच्या सगळ्यात अरुंद जागेचा व्यास व्हॉल्व्हच्या व्यासाच्या साधारण ८५ ते ९० टक्के असावा. व्हॉल्व्ह ३६ मिलिमीटरचा असेल तर तिथला व्यास ३०.६ ते ३२.४ मिलिमीटर. त्याच्या पुढे जाऊ नका. हाच व्हॉल्व्ह ९ मिलिमीटर उचलला गेला, म्हणजे व्यासाच्या पाव भाग, की त्याच्या कडेने मिळणारी वाट व्हॉल्व्हच्या पूर्ण क्षेत्रफळाइतकी होते. त्याच्या आधी व्हॉल्व्ह आणि सीटमधली फटच हवेला अडवत असते. सीटजवळच्या कामाला एवढं महत्त्व आहे ते यामुळे.

आतून आरशासारखं चमकवायचं का?

इनटेक चमकवू नका. कार्ब्युरेटरच्या किंवा पोर्टमध्ये पेट्रोल फवारणाऱ्या इंजिनात गुळगुळीत भिंतीवर पेट्रोलचे थेंब चिकटून ओघळतात. थोडा खरखरीतपणा असला की ते पुन्हा हवेत उडतात. ६० ते ८० नंबरच्या पॉलिश पेपरचा हात पुरेसा आहे. एक्झॉस्टला मात्र १२० आणि त्यापुढचा हात द्या, कारण गुळगुळीत पृष्ठभागावर कार्बन सावकाश धरतो. फोटोत चमकणारा पोर्ट छान दिसतो, पण हवेला चमक दिसत नाही.

इनटेक जास्त महत्त्वाचा की एक्झॉस्ट?

टर्बो नसलेल्या इंजिनात हवा आत ढकलणारी ताकद फक्त वातावरणाचा दाब, म्हणजे साधारण १ बार. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडतो तेव्हा आत त्याच्या कितीतरी पट दाब असतो, गॅस स्वतःच धाव घेतो. म्हणून तर इनटेक व्हॉल्व्ह मोठा आणि एक्झॉस्ट लहान असतो. घरच्या कामात आधी इनटेकचा बाउल, मग एक्झॉस्टचा बाउल, आणि वेळ उरला तर मॅनिफोल्ड. एक्झॉस्टचं तोंड उगाच रुंद करू नका.

गॅस्केट ठेवून रेघ मारली आणि तेवढं घासलं, हे बरोबर आहे काय?

अर्धंच बरोबर. बऱ्याच गॅस्केटांचं (सांध्यात बसणाऱ्या पॅकिंगचं) भोक पोर्टपेक्षा मुद्दाम मोठं असतं. त्या रेघेपर्यंत घासलं की तोंडाशी वाट एकदम फुगते, आत पुन्हा आवळते, आणि वेग दोनदा बिघडतो.

नियम लक्षात ठेवा: हवा ज्या दिशेने जाते, त्या दिशेने पाहिलं तर समोर पायरी आडवी यायला नको. इनटेकमध्ये मॅनिफोल्डचं तोंड हेडच्या तोंडाइतकं किंवा केसभर लहान असावं. एक्झॉस्टमध्ये हेडचं तोंड लहान आणि मॅनिफोल्डचं किंचित मोठं. एक्झॉस्टची ही छोटी पायरी ठेवा. उलट येणारा गॅस तिथे अडतो.

मॅनिफोल्ड आणि हेड पुन्हा जोडताना ते तसूभरही सरकू नये यासाठी बोल्टांच्या भोकांत थोडा खेळ असेल तर बारीक डॉवेल पिना बसवून घ्या. नाहीतर जुळवलेलं सगळं बोल्ट आवळताना हलतं.

कोणत्या गाडीवर हात मारावा?

शिकायला जुनी गाडी उत्तम. ॲम्बेसेडरचं १४८९ सीसीचं बीएमसी बी-सिरीज इंजिन पाहा. हेड बिडाचं (कास्ट आयर्नचं), जाड आणि सोशिक. चार सिलिंडरांना इनटेकची दोनच तोंडं, म्हणजे दोन-दोन सिलिंडर एका वाटेवर, आणि इनटेक-एक्झॉस्ट दोन्ही एकाच बाजूला. त्यामुळे सुधारणेला वाव भरपूर. बीड सावकाश कापलं जातं, हे नवख्यासाठी चांगलंच आहे.

मारुती ८०० चं ७९६ सीसी तीन सिलिंडरचं किंवा जुन्या झेनचं ९९३ सीसीचं हेड अ‍ॅल्युमिनियमचं आहे. हलकं, स्वस्तात मिळणारं, टेबलावर बसून काम करता येतं. पण बर (ग्राइंडरला लावायचं कापणारं टोक) लोण्यात शिरावा तसा आत शिरतो, एका चुकार सेकंदात खड्डा पडतो.

फोक्सवॅगन-स्कोडाच्या १.० टीएसआयसारख्या इंजिनात एक्झॉस्ट मॅनिफोल्ड हेडमध्येच ओतलेला आहे आणि भोवती पाणी फिरतं. तिथे घरच्या ग्राइंडरचं काम नाही. टर्बो डिझेललाही माझा सल्ला नकोच असा आहे. तिथे हवा टर्बो कोंबतो, मेहनतीच्या मानाने फायदा थोडा.

सामान काय लागते आणि नागपुरात कुठं मिळते?

६ मिलिमीटर कॉलेटचा डाय ग्राइंडर, स्पीड कमी-जास्त करायची चकती असलेला. बिडासाठी डबल कट कार्बाइड बर, अ‍ॅल्युमिनियमसाठी मोठ्या दातांचा वेगळा बर. ही दोन एकमेकांच्या जागी चालत नाहीत. बारीक दातांत अ‍ॅल्युमिनियम भरून बर बोथट होतो. अ‍ॅल्युमिनियमवर अधूनमधून बरला मेणबत्ती घासत राहा, चिकटणं कमी होतं. शिवाय पॉलिश पेपरचे रोल, फ्लॅप व्हील, मार्किंगची निळी शाई, व्हर्निअर आणि आतला व्यास मोजायचा कॅलिपर.

हार्डवेअरसाठी इतवारीत फिरा. सोनार वापरतात ती पायाने चालणारी, टांगलेली मोटर इतवारीच्या सराफ्याकडच्या कारागिरांजवळ पाहायला मिळेल. तिच्या लवचिक शाफ्टने शेवटचा हात फार सुबक बसतो, पण कापायला तिच्यात जोर नाही. बर मात्र चांगलाच घ्या. स्वस्त बरचा दात तुटून डोळ्याकडे येतो.

लांब दांड्याचा बर पूर्ण वेगाने हवेत मोकळा फिरवू नका, दांडा वाकून फिरतो. पोर्टच्या आत ठेवूनच सुरू करा आणि वेग पाकिटावर लिहिलेल्या मर्यादेच्या खाली ठेवा. डोळ्यांना बंद गॉगल, तोंडाला एन-९५ मास्क, कानात बोळे. सुती हातमोजे घालू नका. ते बरमध्ये गुंडाळले जातात. अ‍ॅल्युमिनियमची बारीक भुकटी पेट घेऊ शकते, म्हणून शेजारी लोखंडावर ठिणग्या पाडायचं काम ठेवू नका आणि भुकटी रोज झाडून काढा. फार जुन्या गाडीचं हेड गॅस्केट कोरडं खरवडू नका, त्यात अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं. ओलं करून काढा.

हेडला आरपार भोक पडलं तर?

पोर्टच्या भिंतीपलीकडे पाणी फिरतं. ओतताना आतला वाळूचा गाभा थोडाफार सरकतो, म्हणून एकाच मॉडेलच्या दोन हेडांत भिंतीची जाडी वेगळी असू शकते. उपाय एकच: त्याच इंजिनचं एक भंगारातलं हेड कबाड्याकडून आणा, पोर्टच्या मधोमध करवतीने कापा आणि जाडी डोळ्यांनी पाहा. मग त्याच्या उरलेल्या पोर्टांवर हात बसवा. हा खर्च वाचवू नका.

भोक पडलंच तर एपॉक्सीने बुजवून गाडीत बसवायचं नाही. आर्गन वेल्डिंग करून हेड पुन्हा फेसिंगला (खालची बाजू मशीनवर सपाट करायला) द्यावं लागतं, आणि वेल्डिंगच्या तापाने हेड वाकलेलं असू शकतं.

किती घासलं ते घरी मोजायचं कसं?

सगळे सिलिंडर सारखे व्हायला हवेत, हे खरं ध्येय. एक पोर्ट उत्तम आणि तीन साधारण, यापेक्षा चारही सारखे बरे. एक पोर्ट पूर्ण करा, त्याचे पुठ्ठ्याचे किंवा पातळ पत्र्याचे साचे कापा आणि बाकीचे त्या साच्यांवर आणा.

ज्वलनकक्षाचं आकारमान मोजायला जाड पारदर्शक अ‍ॅक्रिलिकचा तुकडा, त्याला एक भोक आणि प्रयोगशाळेतला ५० मिलिलिटरचा ब्युरेट. व्हॉल्व्ह आणि प्लग लावून, कडेला ग्रीस फासून तुकडा चिकटवा आणि रंगीत पाणी सोडा. चारही कक्षांत अर्ध्या सीसीपेक्षा जास्त फरक राहू देऊ नका.

हवेचा प्रवाह पाहायचा तर व्हॅक्यूम क्लीनर आणि यू आकाराच्या नळीतलं पाणी यांचा साधा बेंच घरी बनतो. व्यावसायिक फ्लो बेंचवर बहुधा २८ इंच पाण्याच्या दाबफरकाला मोजतात. घरचा तेवढा ओढणार नाही. पण आधीचा आणि नंतरचा आकडा एकाच बेंचवर, एकाच दाबाला आणि तापमानाला घेतला तर तुलना कामाची असते.

लेथवाल्याकडे कोणतं काम न्यावंच लागते?

सीट कटिंग, गाईड बदलणं आणि हेडचं फेसिंग. या तिन्हींत घरचा हात चालत नाही. सीट ३०-४५-६० अशा तीन कोनांत कापून घ्या. व्हॉल्व्ह टेकतो ती ४५ अंशांची पट्टी इनटेकला सव्वा मिलिमीटरच्या आसपास आणि एक्झॉस्टला त्याहून रुंद, दीड ते दोनपर्यंत हवी. हा तीन कोनांचा कट नीट झाला तर पुष्कळदा अर्ध्या पोर्टिंगइतका फायदा एकट्यानेच देतो, आणि माझ्या मते पैसे थोडे असतील तर आधी तोच करावा.

क्रम महत्त्वाचा: आधी गाईड, मग तुमचं घासणं, मग सीट कटिंग, शेवटी बाउल आणि सीटच्या सांध्यावर हलका हात. घासताना जुना व्हॉल्व्ह सीटवर बसवून ठेवा, म्हणजे ज्वलनकक्षात काम करताना बर निसटला तरी सीट वाचते.

फेसिंग गरजेपुरतंच सांगा. जास्त घासलं की कॉम्प्रेशन वाढतं, आणि साध्या पेट्रोलवर नागपूरच्या उन्हाळ्यात इंजिन टकटक करू लागतं.

मे महिन्यात गाडी मरगळते काहून? पोर्टिंगने ते जाईल का?

जाणार नाही. गरम हवा विरळ असते. डिसेंबरच्या ११ अंशांच्या पहाटेपेक्षा मेच्या ४५ अंशांच्या दुपारी तेवढ्याच जागेत सुमारे ११ टक्के हवा कमी मावते. घरच्या पोर्टिंगचा फायदा बहुधा याहून कमीच असतो. त्यामुळे दोन गोष्टी.

एक, डिसेंबरात गाडी जोडून ‘काय पळून राहिली’ म्हणू नका. आधीची चाचणी मेमध्ये केली असेल तर ती तुलनाच नाही. दोन, बॉनेटखाली उघडा कोनिकल फिल्टर लावू नका. तो रेडिएटरमागची तापलेली हवा ओढतो आणि घासून मिळवलेलं सगळं घालवतो. कंपनीचा बंद एअर बॉक्स आणि पुढून थंड हवा घेणारी त्याची नळी जपा. आपल्याकडच्या धुळीसाठीही कंपनीचा कागदी फिल्टरच भरवशाचा.

सीएनजी किट आहे. फायदा होईल?

सीएनजी वायुरूपात आत येतो आणि हवेची जागा अडवतो. योग्य मिश्रणात साधारण साडेनऊ टक्के. म्हणून सीएनजीवर इंजिनला श्वास कमी पडतो आणि बाउलचं नीट काम तिथे जाणवू शकतं. पण पेट्रोलचा ओलावा नसल्याने सीटची झीज जास्त होते. सीएनजीच्या गाडीत सीट अरुंद करू नका, एक्झॉस्टची तर मुळीच नाही, आणि टॅपेटचा गॅप (व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा भाग यांतली फट) नियमित तपासत राहा.

हेड बसवल्यावर ईसीयूचं काही करावं लागते?

इंजिन जास्त हवा घेऊ लागलं तर पेट्रोलही त्या प्रमाणात हवं. कार्ब्युरेटरच्या गाडीत प्लगचा रंग पाहा. पांढुरका असेल तर मिश्रण पातळ आहे, मेन जेट (कार्ब्युरेटरमधलं पेट्रोलचं मुख्य भोक) एक नंबर वाढवा. ईसीयूच्या, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरच्या, गाडीत साध्या ओबीडी स्कॅनरवर लाँग टर्म फ्युएल ट्रिम (ईसीयूने पेट्रोलमध्ये केलेली कमी-जास्त) वाचा. तो १० टक्क्यांच्या वर अधिककडे जात असेल तर ईसीयू कमतरता भरून काढतोय. आधी गॅस्केटमधून हवा तर गळत नाही ना ते बघा, मगच मॅपिंगचा विचार करा.

आरटीओ पकडेल काय? इन्शुरन्सचं काय?

१९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार आरसीवरच्या नोंदी कंपनीच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळ्या होतील असा बदल करता येत नाही, आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हे कडकपणे लावलं. पोर्टिंगने सीसी किंवा इंजिन नंबर बदलत नाही. म्हणून ते आपोआप चालतं असं मात्र समजू नका. वॉरंटी जाते. इन्शुरन्स कंपनीला बदल न कळवता दावा केला तर वाद होऊ शकतो. रस्त्यावरच्या गाडीचा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आणि सायलेन्सर काढू नका, आणि पीयूसी पास झालीच पाहिजे. १ एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ गाडीला हात न लावणंच मला योग्य वाटतं.

बसवताना आणि पहिल्यांदा स्टार्ट करताना काय सांभाळावं?

आधी धुणं. घासलेली भुकटी आणि पॉलिश पेपरचे कण ऑइलच्या भोकांत बसतात आणि बेअरिंग खातात. गरम पाणी, भांड्यांचा साबण आणि बाटल्या धुवायचे लांब ब्रश घेऊन प्रत्येक भोक धुवा, मग कॉम्प्रेसरने उडवा, मग पुन्हा धुवा. पांढरं फडकं आत फिरवून ते पांढरंच बाहेर आलं पाहिजे. बिडाचं हेड वाळलं की लगेच ऑइलचा हात द्या, नाहीतर तासाभरात गंज दिसतो.

व्हॉल्व्ह ज्या सिलिंडरचे तिथेच घाला; सोडवतानाच पुठ्ठ्यावर क्रमांक टाकून ठेवा. स्टेम सील नवीन. हेड गॅस्केट नवीन. मॅन्युअलमध्ये बोल्ट ताणून आवळायचे, म्हणजे अंशांत फिरवायचे सांगितले असतील तर बोल्टही नवीन. टॉर्क रेंच नसेल तर मिस्त्रीकडून मागून आणा, अंदाजाने आवळू नका. सीट कटिंगनंतर व्हॉल्व्ह थोडा वर सरकलेला असतो, त्यामुळे टॅपेट पुन्हा सेट करावेच लागतात. टायमिंगच्या खुणा जुळवून झाल्यावर स्टार्टर मारण्याआधी क्रँक हाताने दोन पूर्ण फेऱ्या फिरवा. कुठे अडलं तर जोर लावू नका, परत उघडा.

पहिल्या स्टार्टला पंखा सुरू होईपर्यंत आयडलवर चालू द्या आणि तापमानाचा काटा बघत राहा. गाडी पूर्ण थंड झाली की कूलंटची पातळी आणि डिपस्टिकवरच्या ऑइलचा रंग पाहा. ऑइल दुधाळ दिसलं तर गाडी चालवू नका, गॅस्केट किंवा पोर्टची भिंत तपासावी लागेल. ऑइल आणि फिल्टर पहिल्या काहीशे किलोमीटरनंतर लगेच बदला, आणि जुना फिल्टर कापून आत चकाकणारे कण आहेत का ते पाहा.